काजूलाही ऋतू असतो

मराठी मध्यमवर्गीय घरात आंब्याचे पंचांग सर्वांना तोंडपाठ असते. मोहोर केव्हा धरतो, पहिली पेटी बाजारात केव्हा उतरते, अक्षय्य तृतीयेपर्यंत भाव कितपत खाली येतो आणि पहिला पाऊस पडल्यावर हापूस जपून का घ्यावा, हे शाळकरी मुलालाही सांगता येते. त्याच घरात काजूचा महिना कोणता, असे विचारून पाहावे. बहुतेक ठिकाणी 'दिवाळी' हेच उत्तर मिळेल. वस्तुतः दिवाळीत काजूच्या झाडावर एकही पक्व बी नसते. तेव्हा झाडाला नवी पालवी येऊ लागलेली असते. मोहोर त्यानंतर धरतो आणि बी हाती लागते ती फेब्रुवारीच्या अखेरीपासून मेपर्यंत. म्हणजे ज्या वेळी आपण काजू आठवणीने विकत घेतो, त्या वेळी तो पिकवणाऱ्याच्या घरातून जाऊन पाच-सहा महिने लोटलेले असतात.

आंबा आणि काजू ही दोन्ही झाडे एकाच कुळातली. कोकणात ती एकाच डोंगरउतारावर शेजारी शेजारी वाढतात, एकाच थंडीत मोहोरतात आणि एकाच उन्हाळ्यात फळतात. पण एकाच्या वाट्याला कौतुक, वर्तमानपत्रांतील मथळे आणि आप्तेष्टांना पाठवायच्या पेट्या आल्या. दुसऱ्याच्या वाट्याला प्लॅस्टिकचे पाकीट आले. हा भेद केवळ रसिकतेचा असता तर त्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु जे अन्न आपल्या मनात ऋतूपासून तुटते, ते हळूहळू शेतापासून आणि शेतकऱ्यापासूनही तुटते. ते मग निव्वळ 'माल' होते आणि मालाला गाव नसते. कोकणातील काजू बागायतदाराची आजची जी अवस्था आहे, तिच्या मुळाशी इतर कारणांबरोबर आपले हे विस्मरणही आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

'सुका मेवा' या शब्दाचा दोष

या विस्मरणाला आपला एक शब्दही हातभार लावतो. काजू, बदाम, पिस्ते, अक्रोड, बेदाणे या सर्वांना आपण 'सुका मेवा' या एका डब्यात कोंबले आहे. सुके झाले की टिकाऊ झाले, टिकाऊ झाले की बारमाही झाले, असा आपला समज. पण सुकण्यापूर्वी ते कोणाच्या तरी शेतात ओले होते, हे त्या शब्दातून हरवून जाते.

प्रत्यक्षात कवचातल्या प्रत्येक गराला आपला ऋतू आहे आणि आपल्या परंपरेने तो जाणला होता. भुईमुगाचे उदाहरण घ्या. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तो डाळवर्गातला. पण आपल्या जेवणात त्याचे स्थान मेव्याचेच. खरिपाच्या शेवटी वेल उपटले की ओल्या शेंगा उकडून वा भाजून खाण्याचे दिवस येतात आणि पुढे भोगीच्या भाजीत तेच दाणे मानाने बसतात. चारोळी ही बाजारात बारा महिने मिळते. मात्र विदर्भाच्या आणि मध्य भारताच्या जंगलांत चाराच्या झाडाची फळे पिकतात ती ऐन उन्हाळ्यात. वनवासी कुटुंबे ती वेचतात, गर खातात आणि आतली बी फोडून चारोळी काढतात. बस्तरकडे एके काळी हीच मोलाची चारोळी मिठाच्या बदल्यात उचलली जात असे. श्रीखंडावर चार दाणे पेरणाऱ्या आपल्यासारख्यांनी तो व्यवहार विसरता कामा नये.

काश्मिरात अक्रोड उतरतो तो शरद ऋतूच्या तोंडाशी. काश्मिरी हिंदूंच्या घरी महाशिवरात्रीला, ज्या सणाला ते 'हेरथ' म्हणतात, वटुकाच्या पूजेत अक्रोड पाण्यात भिजवले जातात आणि नंतर तेच प्रसाद म्हणून आप्तांना, शेजाऱ्यांना वाटले जातात. १९९० मध्ये घरदार सोडावे लागल्यावर जम्मूच्या छावण्यांत, दिल्लीत आणि पुढे जिथे जिथे ही कुटुंबे विखुरली तिथे तिथे हेरथचे अक्रोड भिजत राहिले. बाग गेली, पण फळ आणि सण यांची गाठ त्यांनी सुटू दिली नाही. अन्न आणि भूमी यांचे नाते किती चिवट असू शकते, याचा याहून बोलका दाखला कोणता असेल?

काजूच्या बाबतीत मात्र तशी गाठ कोकण आणि गोव्याबाहेरच्या मराठी समाजाने कधी बांधलीच नाही. ती बांधता येईल का, हा आजच्या लेखाचा प्रश्न आहे.

परदेशातून आला, मातीने आपला केला

येथे एक आक्षेप आधीच निकाली काढला पाहिजे. काजू मुळात आपला कुठे आहे, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. काजूचे मूळ घर ईशान्य ब्राझील. तिथल्या तुपी लोकांच्या भाषेतील 'अकाजू' या शब्दावरून पोर्तुगिजांचा 'काजु' झाला आणि सोळाव्या शतकात त्यांच्याच गलबतांतून झाड व नाव अशी दोन्ही भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरली. आपल्या प्राचीन संहितांत काजू नाही. त्याचा चुलतभाऊ बिब्बा मात्र 'भल्लातक' या नावाने चरकसंहितेत रसायन म्हणून येतो. बिब्ब्यालाही बी फळाच्या बाहेर, खाली लटकलेली आणि टरफलात भाजून काढणारे तेल असते. हे साम्य ओळखूनच की काय, गोव्यात आजही ओल्या काजूगरांना 'बिबे' म्हणतात. परक्या पाहुण्याला आपल्या घरातील नातेवाइकाचे नाव देण्याची ही रीत फार अर्थपूर्ण आहे.

स्वदेशी म्हणजे वनस्पतीचा जन्मदाखला तपासणे नव्हे. तसे केले तर आपल्या उपवासाच्या ताटात काय उरेल? साबुदाणा, बटाटा, शेंगदाणा, मिरची, एवढेच नव्हे तर राजगिराही मूळचा अमेरिका खंडातला. आपल्या शेतकऱ्याने ज्याला आपल्या मातीत रुजवले, आपल्या गृहिणीने ज्याला आपल्या चुलीवर शिजवले आणि आपल्या समाजाने ज्याला सणावारात सामावून घेतले, ते स्वदेशी. या कसोटीवर कोकणचा काजू पूर्णपणे उतरतो.

हे रुजवणेही आपोआप झालेले नाही. प्रारंभी काजू लावला गेला तो उतारावरची माती धरून ठेवणारे, खडकाळ जमिनीत तग धरणारे झाड म्हणून. त्याला बागायती पीक बनवण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राला जाते. १९५७ पासून कार्यरत असलेले हे केंद्र पुढे दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा भाग बनले. तेथील शास्त्रज्ञांनी निवड आणि संकर पद्धतीने 'वेंगुर्ला' या नावाचे एकामागून एक वाण दिले. त्यांपैकी वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ शेतकऱ्यांच्या विशेष पसंतीस उतरले. वेंगुर्ला-७ ची एक बी सुमारे १० ग्रॅम वजनाची, म्हणजे गावठी बीच्या जवळपास दुप्पट भरते. १९९० मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग योजना आली आणि कोकणातील वरकस जमिनीवर, जिथे पूर्वी नाचणी-वरीशिवाय काही होत नसे, तिथे काजूची कलमे उभी राहिली. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीबरोबरच कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड आणि आजरा हे तालुकेही काजूचे झाले. 'वेंगुर्ला काजू' या नावाला आता भौगोलिक मानांकनही लाभले आहे. ज्या पिढीने खांद्यावरून पाणी वाहून ही कलमे जगवली, ती आज वृद्ध झाली आहे. तिच्या मुलांनी बाग राखावी की विकावी, हा प्रश्न घराघरांत उभा आहे.

माघापासून वैशाखापर्यंत

काजूचा ऋतू समजून घ्यायचा तर तो त्या भागात समजून घ्यावा. माघ-फाल्गुनात बी अजून हिरवी आणि कोवळी असते. तेव्हा ती फोडून आतला ओला गर काढला जातो. सावंतवाडी, मालवण, रत्नागिरी, म्हापसा अशा बाजारांत हे ओले काजूगर शेकड्याच्या हिशेबाने, नगावर मोजून विकले जातात. ज्यांनी ओल्या काजूगरांची उसळ वा आमटी एकदा चाखली, त्यांना पाकिटातला काजू हा त्याच वस्तूचा दुसरा अवतार आहे हे पटणे कठीण जाते. कोवळ्या फणसाच्या भाजीत, तोंडल्याच्या भाजीत, मसालेभातात हे गर पडतात आणि साध्या जेवणाला सणाची कळा येते. ही चव दोन-अडीच महिन्यांची पाहुणी. ती कारखान्यात तयार होत नाही, बोटीने येत नाही.

या चवीची किंमत कोण मोजते, हेही पाहिले पाहिजे. काजूच्या टरफलात मधाच्या पोळ्यासारखी पोकळी असून तीत दाहक तेल असते. कोवळ्या बीतला चीकही तसाच. बी कापताना तो बोटांना लागतो, कातडी काळी पडते, सोलवटते. कोकणातील स्त्रिया हाताला खोबरेल चोळतात, राख लावतात आणि पुन्हा कोयती हाती धरतात. बाजारात शंभर गर मोजून देणाऱ्या बाईच्या बोटांकडे एकदा पाहिले, की घासाघीस करण्याचा मोह आवरतो.

फाल्गुन-चैत्रात बोंड रंगू लागते. पिवळे, केशरी, लालभडक. आपण ज्याला फळ म्हणतो ते बोंड म्हणजे खरे तर फुगलेला देठ. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने फळ म्हणजे त्याखाली लटकणारी बी. चांगली बी झाडावरून ओरबाडायची नसते. बोंड पिकून आपोआप गळू द्यावे, मग बी पिळून वेगळी करावी, दोन-तीन दिवस उन्हात वाळवावी, असा शिरस्ता. पूर्ण भरलेली बी पाण्यात बुडते; अपुरी तरंगते. घाईने, चोरीच्या भीतीने किंवा व्यापाऱ्याच्या निकडीने कच्ची काढलेली बी वजनालाही मार खाते आणि चवीलाही.

शिमग्याच्या दिवसांत कोकणातली मुले काजूच्या बियांनी खेळतात. रिंगणात बिया मांडून नेमबाजी करायची आणि जिंकलेल्या बिया खिशात घालायच्या, असा तो खेळ. खेळून झाल्यावर त्याच बिया गावच्या दुकानात देऊन खाऊ घ्यायचा. ज्या मुलाने बी हातात धरून तिचे मोल ओळखले, त्याला काजू कुठून येतो हे शिकवावे लागत नाही.

या ऋतूवर संकटेही ऋतूनेच येतात. मोहोराच्या वेळी ढगाळ हवा राहिली, अवकाळी पाऊस झाला की ढेकण्या किडीचा उपद्रव वाढतो आणि मोहोर करपतो. माकडे आणि वानर बोंडांवर तुटून पडतात. मार्च-एप्रिलमध्ये वाळलेल्या गवताला लागलेला वणवा दहा-पंधरा वर्षे जोपासलेली बाग काही तासांत संपवतो. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळाने किनारपट्टीवरील फळबागांचे काय केले, हे अनेकांना आठवत असेल. कलम पुन्हा लावता येते. मधली वर्षे परत मिळत नाहीत.

चार किलोंचा एक किलो

आता व्यवहाराकडे येऊ. साधारणपणे चार किलो वाळलेल्या बीपासून एक किलो काजूगर मिळतो. बी उत्तम असेल तर साडेतीन किलोंतही काम भागते. बी वाफवायची, हाता-पायाने चालणाऱ्या कटरवर एकेक फोडायची, गर भट्टीत सुकवायचा, वरची तांबूस साल काढायची आणि मग आकारानुसार प्रत निवडायची. बाजारात जो '३२०' हा आकडा ऐकू येतो, त्याचा अर्थ एका पौंडात साधारण तेवढे अखंड काजू बसतात. आकडा जितका लहान, तितका काजू मोठा. फुटलेला गर 'पाकळी' आणि 'तुकडा' म्हणून वेगळा विकला जातो. टरफलही वाया जात नाही. ते बॉयलरला जळण म्हणून जाते किंवा त्यातले तेल काढून रंग आणि वाहनांच्या ब्रेकच्या अस्तरासाठी वापरले जाते.

समजा, शेतकऱ्याला बीमागे किलोला १२० रुपये मिळाले. चार किलोंचे झाले ४८० रुपये. त्यात मोहोराची फवारणी, गवत काढणे, राखण, रोजची वेचणी आणि वाळवण हे सर्व आले. दिवाळीत एक किलो अखंड काजूंसाठी आपण किती रुपये मोजतो, ते प्रत्येकाने आपल्या वाण्याच्या पावतीवर पाहावे आणि हिशेब करावा. मधला सगळा फरक व्यापाऱ्याच्या खिशात जातो, असे म्हणणे अन्यायाचे होईल. प्रक्रियेचा, मजुरीचा, जळणाचा, साठवणीचा आणि भांडवलावरील व्याजाचा खर्च खरा आहे. तथापि झाड लावून सात-आठ वर्षे वाट पाहणाऱ्याच्या हाती काय उरते, हा प्रश्न त्यामुळे मिटत नाही.

बीचा भाव कोकणात ठरत नाही, हे दुखण्याचे खरे मूळ. भारतातील काजू कारखान्यांना लागणाऱ्या कच्च्या मालापैकी निम्म्याहून अधिक आयात होतो, मुख्यतः आफ्रिकेतून. आयव्हरी कोस्ट, बेनिन, घाना, गिनी-बिसाऊ या पश्चिम आफ्रिकी देशांचा हंगाम फेब्रुवारी ते जून, म्हणजे नेमका आपल्या हंगामाच्या बरोबर येतो. आपल्या शेतकऱ्याची बी खळ्यात पडलेली असतानाच बंदरात परदेशी बी उतरत असते. २०१६ च्या अर्थसंकल्पात कच्च्या काजूवर ५ टक्के आयात शुल्क लावण्यात आले. २०१८ मध्ये ते २.५ टक्क्यांवर आणले गेले. कारखानदारांच्या दृष्टीने ही सवलत आवश्यक होती, कारण यंत्रे वर्षभर चालवायची तर देशातील बी पुरत नाही आणि या कारखान्यांत काम करणाऱ्यांत बहुसंख्या स्त्रियांची आहे. आयात सरसकट बंद करा, ही घोषणा म्हणूनच सोपी आणि धोरण म्हणून अवघड आहे. शेतकरी वाचवताना काजू सोलणारी बाई बेकार होणार असेल, तर ते कोणत्याच अर्थाने राष्ट्रहिताचे नव्हे.

परंतु याचा अर्थ शेतकऱ्याला वाऱ्यावर सोडावे असाही नाही. गोवा सरकारने २०२३ मध्ये बीचा आधारभूत दर किलोला १५० रुपये केला. महाराष्ट्रात सिंधुदुर्गातील बागायतदारांनी २०० रुपये हमीभावाची मागणी लावून धरली; शासनाने काजू मंडळाची स्थापना केली आणि २०२४ च्या हंगामासाठी किलोमागे १० रुपये अनुदान देऊ केले. दिशा योग्य आहे, पाऊल लहान आहे. शेजारच्या राज्यात, एकाच डोंगराच्या दोन उतारांवर पिकणाऱ्या एकाच बीला दोन न्याय असावेत, हे दोडामार्गच्या शेतकऱ्याला कसे पटावे? हंगामात बी साठवण्यासाठी गोदामे, गोदामातील मालावर माफक व्याजाचे कर्ज आणि पाकिटावर बी कोणत्या देशात पिकली याचा स्पष्ट उल्लेख, या तीन गोष्टी झाल्या तर अनुदानाची गरजही बरीच कमी होईल. ग्राहकाला आज पाकिटावर कंपनीचे नाव दिसते, किंमत दिसते, उष्मांक दिसतात. बागेचे गाव सहसा दिसत नाही. ते दिसू लागले, तर निवड करण्याचा अधिकार खऱ्या अर्थाने त्याच्या हाती येईल.

बोंडांचा सडा

या सगळ्या हिशेबात एक गोष्ट कोणी धरतच नाही. बीच्या कितीतरी पट वजनाचे बोंड दर वर्षी झाडाखाली सडून जाते. त्यात 'क' जीवनसत्त्व संत्र्याच्या अनेक पटींनी असते. गोव्यात बोंडाच्या रसापासून हुर्राक आणि फेणी होते; फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि तेथील बागायतदाराला बोंडाचेही पैसे मिळतात. कोकणात बोंडाचा बराचसा भाग मातीत जातो. सर्व बोंडांची दारू व्हावी, असे कोणी सुज्ञ माणूस म्हणणार नाही. पण सरबत, पाक, जॅम, लोणचे, चटणी, पशुखाद्य असे अनेक मार्ग आहेत आणि कृषी विद्यापीठाने त्यांपैकी काहींच्या पद्धती विकसितही केल्या आहेत. अडचण दोन प्रकारची: बोंड एका दिवसात नासते आणि त्याला घशाला खवखवणारा तुरटपणा असतो. त्यामुळे प्रक्रिया बागेजवळच, त्याच दिवशी व्हायला हवी. हे काम मोठ्या कारखान्याचे नव्हे. ते गावातील बचत गटाचे, सहकारी संस्थेचे आहे. चिमूटभर मीठ लावून बोंड खाण्याचा आनंद शहरापर्यंत पोहोचवणे कठीण. पण बोंडाच्या सरबताची बाटली कोकमाच्या बाटलीशेजारी ठेवणे अशक्य नाही. कोकमाच्या सरबतानेही एके काळी असाच गावातून शहरापर्यंतचा प्रवास केला.

आपण काय करू शकतो?

धोरणाचा भाग शासनाचा. पण प्रत्येक वेळी शासनाकडे बोट दाखवून आपण मोकळे होणे, हे जागृत समाजाचे लक्षण नव्हे. आपल्या हातातल्या काही गोष्टी अगदी साध्या आहेत.

पहिली गोष्ट, काजूची वर्षाची बेगमी उन्हाळ्यात करावी. गहू, तांदूळ, तिखट, हळद यांची वर्षाची साठवण एप्रिल-मे महिन्यांत करणे ही आपल्या घरांची जुनी रीत. पापड-कुरडयांचे वाळवण त्याच दिवसांतले. त्या यादीत काजूही का नसावा? नुकत्याच हंगामातील बीचा गर घट्ट झाकणाच्या डब्यात, थंड आणि कोरड्या जागी सहा-आठ महिने उत्तम राहतो. म्हणजे तोच काजू दिवाळीपर्यंत पुरतो. फरक इतकाच, की आपले पैसे शेतकऱ्याला आणि गावातील लहान प्रक्रिया करणाऱ्याला त्याच्या गरजेच्या वेळी मिळतात. हंगामात हाती पैसा नसल्यामुळेच त्याला बी पडत्या भावाने विकावी लागते.

दुसरी गोष्ट, ही खरेदी एकट्याने करण्यापेक्षा मिळून करावी. मुंबई ग्राहक पंचायतीने १९७५ पासून शेजारच्या कुटुंबांचे संघ करून एकत्रित खरेदीची जी पद्धत घालून दिली, ती आपल्या परिचयाची आहे. एका गृहसंकुलातील वीस कुटुंबांनी दोन-दोन किलो काजू एकत्र घेतले तर चाळीस किलो झाले, म्हणजे सुमारे १६० किलो बी. पाच-दहा ग्रॅमची बी वेचून वेचून १६० किलो होते तेव्हा किती वेळा कंबर वाकते, याचा अंदाज करावा. चंदगड, आजरा, सावंतवाडी, लांजा, राजापूर या भागांत अशी मागणी पुरवू शकतील असे अनेक लहान उद्योजक आहेत. मे महिन्यात गावी जाणारा प्रत्येक चाकरमानी आंब्याच्या पेटीबरोबर काजूचीही पिशवी आणतोच. त्याने ती आपल्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांसाठीही आणावी.

तिसरी गोष्ट, निवड करताना शुभ्रतेचा आणि आकाराचा हट्ट थोडा सैल करावा. लाडवात, भाजीच्या वाटणात, खिरीत पाकळी आणि तुकडा चवीला तसूभरही कमी नसतो. सालीसकट भाजलेला काजू दिसायला गोरागोमटा नसेल, पण त्याची चव वेगळीच. अखंड, पांढऱ्या, टपोऱ्या काजूच्या हट्टापायी उरलेला माल स्वस्त होतो आणि त्याचा भार अखेरीस बीच्या भावावर येतो.

चौथी गोष्ट, ऋतूचे भान मुलांना द्यावे. गुढीपाडव्याच्या सुमारास ओले काजूगर मिळाले तर ते आवर्जून आणावेत. न मिळाल्यास एखाद्या वर्षी सुटीत मुलांना कोकणात न्यावे, ते केवळ समुद्र दाखवण्यासाठी नव्हे. बोंडाखाली लटकलेली बी पाहून मुलाच्या चेहऱ्यावर जे आश्चर्य उमटते, ते पाठ्यपुस्तकातील चित्राने उमटत नाही. शाखेवर, संस्कारवर्गात, शाळेत आपण मुलांना नद्यांची आणि गडांची नावे शिकवतो. कोणत्या मासात कोणते पीक कुठे उभे असते, हेही देशाच्या ओळखीतच येते.

काहींना हा सारा आग्रह भाबडा वाटेल. दोन किलो काजूंनी जागतिक बाजारपेठ बदलत नाही, असे ते म्हणतील. बाजारपेठ बदलत नाही, हे मान्य. पण एका कुटुंबाची एक बाग टिकते. आज कोकणात जमिनीला मागणी आहे आणि पैसेही रोख मिळतात. काजूतून खर्च सुटत नाही असे दिसले, की मुंबईत नोकरी करणारा मुलगा सातबारा विकायला तयार होतो. मग कलमे तुटतात, कुंपण पडते, आणि ज्या उतारावर बापाने माती धरून ठेवली होती तिथे बंगल्यांच्या रांगा येतात. हा व्यवहार कायद्याने थांबत नाही. तो थांबतो, जेव्हा बाग राखणे हा मूर्खपणा ठरत नाही तेव्हा.

आंब्याला आपण मान दिला, म्हणून हापूसच्या बागेला दर आला, शेतकऱ्याला नाव आले, 'देवगड' आणि 'रत्नागिरी' हे शब्द पेटीवर ठळक झाले. तेवढाच मान त्याच्या भावंडाला मिळावा. येत्या वर्षी माघ सरताना बाजारात काजूचा विषय निघाला तर आपण वाण्याला एकच प्रश्न विचारावा: हा काजू कुठल्या गावचा आणि कुठल्या हंगामाचा? पहिल्या दिवशी उत्तर मिळणार नाही. शंभर ग्राहकांनी विचारले, तर उत्तर शोधावे लागेल. आणि ते उत्तर शोधता शोधता व्यापार पुन्हा एकदा वेंगुर्ल्याच्या, चंदगडच्या, दोडामार्गच्या त्या उतारापर्यंत जाऊन पोहोचेल, जिथे कोणीतरी वाकून, एकेक बी वेचून टोपलीत टाकत आहे.